मौनाचा वारसा आणि शोकाचा अधिकार

स्थलांतरितांच्या साहित्याची आपल्याकडील चर्चा बहुधा मूळ तुटण्याची वेदना, दोन संस्कृतींमधील ताण आणि अस्मितेचा प्रश्न या सूत्रांभोवती फिरते. तैवानहून अमेरिकेत वा कॅनडात गेलेल्या कुटुंबांतील मुलींच्या जीवनाविषयी गेल्या दहाबारा वर्षांत इंग्रजीतून जे लेखन झाले, ते या सूत्रांत पुरतेपणी सामावत नाही. या लेखनात मृत्यू वा वियोग मुलीला आधी शोधाकडे नेतो आणि मगच शोकाकडे. जिच्यासाठी रडायचे ती व्यक्ती कोण होती, हेच तिला नीटसे ठाऊक नसते. या घरांतील अबोलपणाला 'पौर्वात्य संकोच' असे नाव देऊन समीक्षेने मोकळे होणे योग्य नव्हे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तो अबोलपणा पुष्कळ अंशी इतिहासाने लादलेला आहे.

तैवान १८९५ ते १९४५ या काळात जपानच्या अमलाखाली होते. जपानच्या पराभवानंतर तेथे चिनी राष्ट्रवादी शासन आले. २८ फेब्रुवारी १९४७ रोजी त्याविरुद्ध उसळलेला लोकक्षोभ लष्कराने चिरडला. हजारो माणसे मारली गेली. पुढे मे १९४९ मध्ये जारी झालेला लष्करी कायदा १५ जुलै १९८७ पर्यंत, म्हणजे तब्बल ३८ वर्षे टिकला. एखादे पुस्तक वाचणे किंवा संशयिताशी ओळख असणे एवढेही अटकेला पुरेसे होते. १९४७ च्या घटनांचा उघड उच्चारही निषिद्ध होता. अशा काळात आईवडिलांनी मुलांना काही न सांगणे हा दुरावा नव्हता. तो संरक्षणाचा उपाय होता. अमेरिकेच्या १९६५ च्या कायद्याने स्थलांतराची वाट रुंद झाल्यावर अनेक तैवानी कुटुंबे तेथे स्थिरावली. तेथील विद्यापीठांतही शासनाचे खबरे होते आणि विरोधकांना मायदेशी परतण्याची बंदी होती. माणसांबरोबर भयानेही समुद्र ओलांडला. १९४९ च्या सुमारास मुख्य भूमीवरून तैवानमध्ये आलेल्यांची व्यथा निराळी होती. मागे राहिलेल्या आप्तांना भेटण्याची अधिकृत मुभा त्यांना १९८७ च्या अखेरीस मिळाली. तोवर कित्येकांचे आईवडील निवर्तले होते.

या मौनाला भाषेचेही कुलूप आहे. आजीची पिढी तैवानी बोलणारी, जपानी शाळेत शिकलेली. आईची पिढी मँडरिनमध्ये शिकलेली, शाळेत तैवानी शब्द तोंडून गेला तर शिक्षा भोगलेली. आणि मुलगी इंग्रजीत वाढलेली. आजीला सांगावेसे वाटले तरी नातीला ते समजण्याची शाश्वती नाही.

शॉना यांग रायन यांची 'ग्रीन आयलंड' (२०१६) ही कादंबरी या दृष्टीने लक्षणीय आहे. तिची निवेदिका १९४७ च्या त्या फेब्रुवारीतच जन्मते. डॉक्टर असलेल्या तिच्या वडिलांना पकडून नेले जाते आणि ते अकरा वर्षांनी परततात. घर त्यांना सामावून घेते, पण मधली वर्षे घरात कोणी बोलून दाखवीत नाही. निवेदिका विवाहानंतर कॅलिफोर्नियात जाते, तेथेही ती वर्षे तिचा पाठलाग सोडीत नाहीत. जेसिका ली यांच्या 'टू ट्रीज मेक अ फॉरेस्ट' (२०१९) या आत्मपर लेखनात आजोबांनी लिहिलेले पत्र त्यांच्या मृत्यूनंतर लेखिकेपर्यंत पोचते. ते चिनी लिपीत असल्याने तिला ते स्वतःच्या बळावर पुरते वाचताही येत नाही.

मात्र प्रत्येक कौटुंबिक गुपितामागे राजसत्ता शोधणे हाही अतिरेक ठरेल. एमिली पॅन यांच्या 'द अ‍ॅस्टॉनिशिंग कलर ऑफ आफ्टर' (२०१८) या कादंबरीत आईच्या आत्महत्येनंतर मुलगी प्रथमच तैपेईत आजीआजोबांना भेटते. तिथले गुपित घरातलेच आहे: आईने माहेर का तोडले, हा तिचा प्रश्न. राजकीय भयाचा वारसा आणि घरगुती दुखावलेपण यांची गल्लत न करता, दोन्ही एकाच घरात कशी नांदू शकतात हे पाहणे समीक्षेचे काम आहे.

आपल्याकडे दूरदेशी झालेल्या मृत्यूचे सुतक वार्ता कानी आल्यावर धरण्याची रीत आहे. शोकाचा आरंभ मृत्यूपासून होत नाही, तो कळण्यापासून होतो, ही जाण त्या रीतीत आहे. तैवानमध्ये देहदंड झालेल्या राजकीय कैद्यांनी अखेरच्या घटकांत घरच्यांना लिहिलेली अनेक पत्रे त्यांच्यापर्यंत पोचलीच नाहीत. ती दशकानुदशके सरकारी दप्तरांत पडून राहिली आणि या शतकात वारसांच्या हाती आली. ज्या मुलीला बापाचे अक्षर वार्धक्यात दिसले, तिच्या शोकाला उशीर झाला असे म्हणता येणार नाही. तिला शोकाचा अधिकारच तेव्हा मिळाला.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. आईने आयुष्यभर झाकलेले मुलीने छापून उघड करावे काय? आमच्या मते, जाणून घेण्याचा आणि शोक करण्याचा अधिकार मुलीला आहे. आईच्या मौनावर आरोपपत्र ठेवण्याचा नाही. या लेखनातील उत्तम कृती हा विवेक पाळतात. त्या जे उकलते ते सांगतात, आणि जे उकलत नाही त्याची जागा कल्पित खुलाशाने भरून काढीत नाहीत. म्हणून गुपित शेवटी फुटले की नाही, या कसोटीवर त्यांचे मूल्यमापन करू नये. न कळलेल्या भागासह मृत व्यक्तीवर प्रेम करणे त्या मुलीला साधले का, ही खरी कसोटी आहे. ती लावली तर हे लेखन केवळ 'स्थलांतरितांचे' म्हणून बाजूला काढता येणार नाही.