तीस पौंड आणि चाळीस कोटी डॉलर

ऑक्टोबर २०२४ मध्ये फायनान्शियल टाइम्सने बातमी दिली की सोनीने पिंक फ्लॉइडची रेकॉर्डिंग्ज सुमारे ४० कोटी डॉलरला विकत घेतली. रुपयांत साधारण ३,३०० कोटी. इंजिनिअरिंगच्या होस्टेलात ज्यांच्या भिंतीवर त्या प्रिझमचं पोस्टर होतं, त्या सगळ्यांनी आपापल्या ग्रुपवर गळे काढले. पैशाला शिव्या घालणारा बँड शेवटी विकला गेला म्हणे.

मला या हळहळीत काडीचा रस नाही. वॉटर्स, गिल्मोर आणि मेसन ऐंशीच्या आसपासचे आहेत. वॉटर्स १९८५ मध्ये बाहेर पडला तेव्हापासून ही मंडळी एकमेकांशी भांडतायत. २०२२ मध्ये याच विक्रीची बोलणी ५० कोटींच्या आसपास पोचली होती, ती त्यांच्या आपसातल्या कटकटींमुळे फिसकटल्याच्या बातम्या होत्या. रोजच्या निर्णयांच्या आणि वादांच्या जाचातून सुटायचंय, असं गिल्मोर उघडपणे बोलला होता. विकू देत की! म्हातारपणी माणूस वाडा विकतो, तसं.

माझं भांडण त्या आकड्याशी आहे. तो कसा बनतो आणि त्यात कोण मोजलंच जात नाही, याच्याशी.

आधी विकलं काय ते बघा. प्रत्येक गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक शब्द आणि चाल, दुसरी प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर. सोनीला मिळालं ते ध्वनिमुद्रण, आणि सोबत बँडचं नाव आणि प्रतिमा वापरायचा हक्क, म्हणजे टीशर्टपासून पुढचं सगळं. शब्द-चालींचे हक्क या व्यवहारात नव्हते. त्याच वर्षी क्वीनच्या व्यवहाराचा आकडा १०० कोटी पौंडांच्या घरात सांगितला गेला, पण त्यात लेखन-संगीताचे हक्कही होते. त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून ‘फ्रेडी भारी की गिल्मोर’ हा वाद घालणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

आता किंमत. ती गाण्याच्या थोरवीवरून ठरत नाही. गाणी वर्षाला किती कमावतात ते काढायचं आणि त्याला एका गुणकाने गुणायचं, झालं. गुणक ठरतो व्याजदरावरून. वर्षाला १० रुपये कायम देणारी वस्तू ५ टक्के परतावा हवा असेल तर २०० रुपयांना घ्यावी. ४ टक्क्यांवर समाधान असेल तर २५० ला. गाण्यातला एक सूरही न बदलता ५० रुपये वाढले. २०२०-२१ मध्ये व्याजदर शून्याजवळ होते तेव्हा डिलन, स्प्रिंगस्टीन यांनी विकून टाकलं, ते काही योगायोगाने नाही. दर चढल्यावर काय होतं, हे लंडनच्या शेअर बाजारातल्या हिपनोसिस साँग्ज फंडाने दाखवलं. कर्ज काढून गाणी घेत सुटलेला हा फंड २०२३ मध्ये स्वतःच्याच भागधारकांच्या मतदानात हरला आणि २०२४ मध्ये सुमारे १६० कोटी डॉलरला ब्लॅकस्टोनच्या खिशात गेला. (त्याचं नाव कुठून आलं? पिंक फ्लॉइडची मुखपृष्ठं करणाऱ्या स्टुडिओवरून. ही गंमत मी रचलेली नाही.)

इथपर्यंत निव्वळ धंदा, आणि धंद्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती १० रुपयांची कमाई ‘कायम’ येणार, ही हमी कोण देतं? कायदा देतो. ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी ५० वर्षं असायचा. ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ चा. जुना नियम असता, तर २०२३ च्या अखेरीस ते ध्वनिमुद्रण तिथे सर्वांचं झालं असतं आणि वर्षभराच्या आत सोनीला ते विकत घ्यायचं कारणच उरलं नसतं. पण २०१३ मध्ये ही मुदत ७० वर्षं झाली. म्हणजे २०४३ अखेरपर्यंतची सोय. त्या ४० कोटींतला मोठा वाटा कलाकारांच्या प्रतिभेइतकाच कायदेमंडळाच्या औदार्याचा आहे. सरकारने दिलेली वीस वर्षं बाजारात विकली गेली.

आता क्लेअर टॉरीकडे येऊ. त्या अल्बममधलं ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ ज्यांनी ऐकलंय त्यांना तो शब्दांविना आर्त आवाज सांगावा लागणार नाही. जानेवारी १९७३ मध्ये एका रविवारी तिला अ‍ॅबी रोड स्टुडिओत बोलावलं. काय गायचं ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. तिने आपल्या मनाने गायलं आणि रविवारचा दुप्पट दर म्हणून ३० पौंड घेऊन घरी गेली. गाण्याचं श्रेय एकट्या रिक राइटच्या नावावर. २००४ मध्ये ती कोर्टात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि त्यानंतर सहरचनाकार म्हणून तिचं नाव लागायला लागलं. एकतीस-बत्तीस वर्षांनी! आणि हे एवढं प्रसिद्ध गाणं म्हणून. त्या काळात ठरावीक रक्कम घेऊन वाजवून गेलेल्या बाकी हजारोंकडे वकिलाच्या फीचे पैसेही नसतील.

राइटची कथा तर याहून मजेशीर. ‘द वॉल’च्या वेळी त्याला बँडमधून काढलं आणि दौऱ्यासाठी पगारावर ठेवलं. दौरा तोट्यात गेला. तोटा भागीदारांनी सोसला आणि चौघांत एकटा पगारदार राइट फायद्यात राहिला. नोकरदारांनी यावर खूश व्हायला हरकत नाही, पण हा अपवाद आहे.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. गवंड्याने मजुरी घेतली, पुढे इमारत महाग विकली तर त्याला का द्यायचं? माझ्या क्षेत्रातले मित्र तर म्हणतात, तू लिहिलेला कोडही कंपनीचाच की. बरोबर आहे. पण मी लिहिलेला कोड तीन वर्षांत कुणीतरी नाक मुरडत फेकून देतो आणि २०४३ मध्ये तो कुणी हेडफोन लावून ऐकणार नाही. घर विकणाऱ्याला सरकार मध्येच वीस वर्षं वाढवूनही देत नाही. आणि हा विचार माझ्या डोक्यातून आलेला नाही. मुदत वाढवणाऱ्या त्याच कायद्यात लिहिलंय की, वाढीव काळातल्या कमाईतला २० टक्के भाग एकरकमी पैसे घेतलेल्या साथीच्या कलाकारांसाठी बाजूला ठेवायचा. तत्त्व मान्य झालेलंच आहे. मग ते वर्षाच्या कमाईपुरतंच का? पुढच्या वीस वर्षांची कमाई आज एकगठ्ठा विकली जाते, तेव्हा त्या गठ्ठ्यातूनही तो वाटा काढा. प्रत्येक कॅटलॉगच्या व्यवहारात, करारातच.

हा पैसा येतो आपल्या कानांतून. बहुतेक स्ट्रीमिंग अ‍ॅपवर तुमची वर्गणी तुम्ही ऐकलेल्या कलाकाराकडे थेट जात नाही. सगळ्यांचे पैसे एका डबक्यात जमतात आणि एकूण ऐकण्यातल्या वाट्यानुसार वाटले जातात. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केलाय की वर्षभरात १,००० वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे काहीच पैसे नाहीत. त्यात शिफारस करणारी प्रणाली. तिला जुन्या गाण्याबद्दल पन्नास वर्षांची माहिती असते, नव्याबद्दल शून्य. आमच्या भाषेत याला कोल्ड स्टार्ट म्हणतात. तीन हजार कोटी गुंतवलेली कंपनी ते जुनं गाणं जाहिरातीत, सिनेमात, रीलमध्ये तुमच्यासमोर आणत राहणार. कोल्हापुरात बेडरूममध्ये रेकॉर्ड करणाऱ्या पोराने या स्पर्धेत १,००० चा आकडा गाठायचा.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत बरा आहे, हे सांगितलं की लोक चमकतात. जावेद अख्तर राज्यसभेत भांडले आणि २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा कंपनीला देऊन टाकता येत नाही. तो फक्त वारसांना देता येतो, किंवा वसुलीसाठी कॉपीराइट सोसायटीला. याविरुद्ध सही केली तरी ती सही रद्दबातल. करारात स्पष्ट उल्लेख नसलेल्या, तेव्हा अस्तित्वातच नसलेल्या माध्यमांवरही कंपनीला हक्क सांगता येत नाही. ‘म्हणजे आमच्या गीतकाराला डिलनसारखं सगळं विकून श्रीमंत होता येणार नाही?’ नाही. आणि ज्याच्यासमोर उद्याच्या भाड्याची चिंता आणि पंधरा हजारांचा चेक एकाच वेळी ठेवला जातो, त्याला हा नियम अडवत नाही, वाचवतो. त्यामुळे वेब सिरीजचं शीर्षकगीत करून देताना समोर ‘सर्व हक्क कायमचे’ असा कागद आला, तर कलम १८ आणि १९ फोनमध्ये उघडून ठेवा आणि सही करण्याआधी मोठ्याने वाचून दाखवा.