बाप घरी असतो तेव्हा



गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरचं मोठं जंक्शन. बालाघाटकडच्या आणि बल्लारशाकडच्या गाड्या इथेच मिळतात. फलाटावर रिकाम्या बाटल्या गोळा करणाऱ्या मुलांना आपण सरसकट ‘घरातून पळालेली’ म्हणून मोकळ्या होतो. त्यांच्याशी बोलत बसलं की वेगळंच कळतं. चौदा वर्षांच्या एका मुलाला मी विचारलं, घरी जात नाहीस का? तो म्हणाला, “जातो ना मायले भेटाले. बाप कामावर गेला की जातो.” आठ-दहा दिवसांनी जातो, हातावर पैसे ठेवतो, जेवतो आणि दिवेलागणीच्या आत निघतो. तो कुठे झोपतो हे मायला माहीत आहे.

२०१३ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था व ॲक्शनएड यांनी मुंबईत केलेल्या गणनेत रस्त्यावरची ३७,०५९ मुलं आढळली. त्यांतली बहुसंख्य कुटुंबासोबतच राहत होती. म्हणजे रस्त्यावरचं मूल म्हणजे अनाथ, हे समीकरण तिथेही लागू नव्हतं.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अशा मुलाला २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. मुलाला कुटुंबात परत नेणं हे या व्यवस्थेचं मुख्य उद्दिष्ट. पण मारणारा घरात तसाच असेल तर? मूल पुन्हा फलाटावर येतं आणि ‘पोराला सांभाळता येत नाही’ हे ऐकून घ्यायला आई उरते.

खरं सांगायचं तर या मुलाची आई आमच्याकडे मारहाणीची तक्रार घेऊन येऊन गेली होती. आम्ही तिचं सगळं लिहून घेतलं. मुलं कुठे आहेत, हे विचारलंच नाही. मारहाण एकाच घरातली, फायली मात्र दोन.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात संरक्षण आदेश बाईवर अवलंबून असणाऱ्यांसाठीही मागता येतो. कलम १९ खाली मारणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर जाण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. आपण हा अर्ज फार कमी वेळा करतो. तडजोड सोपी वाटते, आणि तडजोडीत मुलगा मोजलाच जात नाही.

(मुली फलाटावर कमी दिसतात, कारण त्यांना धुण्याभांड्याला धाडतात, नाहीतर लवकर उजवून टाकतात. त्यावर वेगळं लिहावं लागेल.)

तुमच्या गटाने आईच्या अर्जात मुलाचाही उल्लेख केला असेल, तर न्यायालयात काय झालं ते जरूर लिहून कळवा.