तोंडी व्यवहारातली खोली

जून-जुलै आला की अंबाजोगाईत फाटकाफाटकांवर पुठ्ठ्याच्या पाट्या दिसू लागतात. ‘रूम भाड्याने देणे आहे’, आणि त्याखाली ‘फक्त मुलींसाठी’ किंवा ‘फक्त फॅमिलीसाठी’. आत मिळते ती एक खोली, कोपऱ्यात ओटा, नशीब असेल तर स्वतंत्र संडास-बाथरूम. भाडे बोलून ठरते, ॲडव्हान्स हातात दिला जातो, चावी मिळते. कागद मात्र होत नाही. घरमालकाला हे सोयीचे वाटते. प्रत्यक्षात अडचण आली तर आधी तोच सापडतो.

शिकायला येणाऱ्यांची या गावाला जुनी सवय आहे. निजामाच्या राजवटीत, गाव मोमिनाबाद म्हणून ओळखले जायचे तेव्हा, योगेश्वरीच्या शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते. १९७४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आले, ते आज स्वामीजींच्याच नावाने चालते. पुढे अभियांत्रिकी, तंत्रनिकेतन, फार्मसी, नर्सिंग. वैद्यकीयच्या मुलांना वसतिगृह असते. अकरावी-बारावी सायन्सची, फार्मसीची किंवा पोलीस भरतीच्या तयारीची मुले केज, धारूर, परळीकडच्या खेड्यांतून येतात, त्यांना बहुधा खोलीच शोधावी लागते.

बीड जिल्ह्यात या खोलीवर एरवीपेक्षा जास्त भार असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात आणि गावातल्या घराला कुलूप लागते. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंतचे पाच-सहा महिने, अशा घरातल्या मुलासाठी भाड्याची खोली हेच एकमेव घर. एसटीने डबा पाठवायला गावाकडे कोणी नसते, ताप आला तर टेकायलाही जागा नसते. खोलीचा ॲडव्हान्स अनेकदा मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतूनच दिलेला असतो. डिसेंबरमध्ये मालकाने ‘महिनाअखेर खोली मोकळी कर’ म्हटले, तर हा मुलगा जाणार कुठे? राज्य सरकारने २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना जाहीर केली. योजना चांगलीच आहे. पण प्रत्येक वसतिगृहाची क्षमता १०० धरली, तरी खोल्यांची गरज संपणार नाही.

‘कागद केला की भाडेकरू बसतो’ हे मालकांचे नेहमीचे उत्तर. ही भीती पूर्वीच्या कायद्यांतून आलेली आहे. मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा भाडे नियंत्रण कायदा होता. तो भाडेकरूच्या बाजूने झुकलेला होता आणि एकदा आत आलेला माणूस हलवणे जिकिरीचे असायचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि गणित उलटले. त्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे घर भाड्याने दिलेले असो वा लिव्ह अँड लायसन्सवर, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. तसा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. याउलट नोंदलेला लिव्ह अँड लायसन्स करार असेल आणि मुदत संपूनही कोणी जागा सोडत नसेल, तर २४ व्या कलमाने मालकाला ताबा मागता येतो आणि तोवर दुप्पट रक्कम वसूल करता येते. म्हणजे कागदाने भाडेकरू बसत नाही, उठतो.

अकरा महिन्यांची प्रथाही अशीच शिळी झालेली आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून लोकांनी एक महिना कमी केला. महाराष्ट्रात आता अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. नोटरीचा शिक्का ही नोंदणी नव्हे, हे गावोगावच्या टायपिंगच्या दुकानांतही सांगितले जात नाही. खर्च म्हणाल, तर मुद्रांक शुल्क पाव टक्का. महिना तीन हजारांच्या खोलीचे अकरा महिन्यांचे भाडे होते ३३ हजार. त्यावर शुल्क शंभर रुपयांच्या आसपास. नोंदणी फी वेगळी, तीही हजाराच्या वर जात नाही. काम ऑनलाइनही होते.

कागद नसल्याची खरी किंमत रोजच्या गोष्टींत मोजावी लागते. विजेचेच घ्या. पाच-सहा खोल्यांना एकच मीटर असतो. महावितरणचे घरगुती दर चढत्या टप्प्यांचे: १०० युनिटपर्यंत सर्वांत स्वस्त, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, मग त्यापुढे. एक पंखा आणि दोन दिवे चालवणारी खोली एकटी १०० युनिटच्या आत राहिली असती. सगळ्यांचा वापर एकत्र मोजला की बिल महागड्या टप्प्यात जाते, आणि मालक सब-मीटर लावून युनिटला ठोक दर घेतो. यात दर वेळी लबाडी असतेच असे नाही, पण दर आधी लिहिलेला नसल्याने संशय मात्र कायम राहतो. पाण्याचेही तेच. अंबाजोगाईची आणि लातूरची भिस्त धनेगावच्या मांजरा धरणावर. २०१६ च्या दुष्काळात ते आटले तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. टँकरचे पैसे कोणी द्यायचे, हे जूनमध्ये कुणी विचारत नाही. मार्चमध्ये त्यावरूनच वाद होतात.

मुलांचे नुकसान आणखी थेट आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी तिचे वर्षाला ४३ हजार मिळतात. त्यात निवासासाठी १२ हजार, म्हणजे महिन्याला एक हजार. ही रक्कम तोकडी आहे, ती वाढवायलाच हवी. पण तीही मिळवायची तर भाड्याने राहत असल्याचा पुरावा दाखवावा लागतो. मालक कागदावर सही करत नाही, मग मुलगा हक्काच्या पैशांसाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो. आणि खोली दाखवण्याआधीचा पहिला प्रश्न ‘आडनाव काय?’ हा असतो, हे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. त्यावर करार हा उपाय नाही. पाटीवर न लिहिलेली ही अट काढून टाकणे घरमालकांच्याच हाती आहे, आणि गेल्या काही वर्षांत जिल्ह्यात जातीपातीचे जे ताण वाढले, ते पाहता ती तातडीने काढली पाहिजे.

महाविद्यालये यात बरेच करू शकतात. प्रवेशाच्या खिडकीवर कराराचा साधा मराठी नमुना ठेवावा. भाडे, ॲडव्हान्स परत देण्याची मुदत, विजेचा युनिट दर, टँकरचा वाटा आणि खोली सोडण्याआधीची सूचना एवढे त्यात आले तरी पुरे. असा करार करणाऱ्या घरमालकांची यादी फलकावर लावावी; मुले आपोआप तिकडे वळतील. अकरावीचा विद्यार्थी अज्ञान असतो, त्याच्या वतीने पालकाचीच सही लागते. ऊसतोडीला जाणारे आईवडील प्रवेशाच्या दिवसांत गावात असतात, दसऱ्यानंतर नसतात. मालक आणि पालक दोघांनीही हे काम त्याआधी उरकून घ्यावे.