बॅरी बाँड्सचे ७३ होम रन : विक्रम पुसायचा की ठेवायचा?

अमेरिकन बेसबॉलमध्ये एका हंगामात सर्वाधिक होम रन कोणाचे? रेकॉर्ड बुकमध्ये उत्तर सरळ आहे : बॅरी बाँड्स, २००१, ७३ होम रन. पण अनेक चाहते आजही वेगळं उत्तर देतात : ॲरन जज, २०२२, ६२ होम रन. ६२ हा आकडा ७३ पेक्षा मोठा कसा? सगळा वाद इथेच आहे आणि त्याच्या मुळाशी आहेत स्टेरॉइड.

आधी होम रन म्हणजे काय ते पाहू. क्रिकेटमधला षटकार डोळ्यांसमोर आणा. चेंडू समोरच्या कुंपणापलीकडे गेला की फलंदाज चारही बेसना फेरी मारून धाव पूर्ण करतो आणि आधीपासून बेसवर असलेले सहकारीही धावा घेतात. बेसबॉलमध्ये याहून मोठा फटका नाही.

संशय का आला?

बेब रूथने १९२७ मध्ये ६० होम रन मारले. तो विक्रम मोडायला ३४ वर्षं लागली. १९६१ मध्ये रॉजर मॅरिसने ६१ मारले आणि तो आकडा पुढची ३७ वर्षं टिकला.

मग १९९८ ते २००१ या चार हंगामांत तो तब्बल सहा वेळा ओलांडला गेला, तोही फक्त तीन खेळाडूंकडून. मार्क मॅग्वायर (७० आणि ६५), सॅमी सोसा (६६, ६३ आणि ६४) आणि बाँड्स (७३). त्यानंतर २०२२ पर्यंत ६१ च्या पुढे कुणीच गेलं नाही.

स्टेरॉइड घेतल्याने फटका मारायचं कौशल्य येत नाही. पण स्नायूंची ताकद वाढते, थकलेलं शरीर लवकर सावरतं. कुंपणापाशी झेल होणारा चेंडू थोडा पुढे जाऊन पडला, तरी होम रन होतो.

बंदी नव्हती का?

होती, पण कागदावर. १९९१ मध्येच मेजर लीग बेसबॉलचे तेव्हाचे कमिशनर फे व्हिन्सेंट यांनी संघांना पत्रक पाठवून स्टेरॉइडवर मनाई असल्याचं कळवलं होतं. मात्र चाचणीच नव्हती. खेळाडूंच्या संघटनेचा चाचण्यांना विरोध होता आणि मालकांनाही घाई नव्हती. १९९४ च्या संपामुळे वर्ल्ड सिरीज रद्द झाली होती, प्रेक्षक नाराज होते. १९९८ मध्ये मॅग्वायर आणि सोसा यांच्या शर्यतीने त्यांना स्टेडियममध्ये परत आणलं. गर्दी जमली असताना प्रश्न विचारणार कोण?

२००३ मध्ये नावं गुप्त ठेवून पहिली चाचणी झाली. पाच टक्क्यांहून जास्त नमुने पॉझिटिव्ह निघाले, म्हणून २००४ पासून शिक्षेची तरतूद असलेल्या चाचण्या सुरू झाल्या. तोपर्यंत विक्रम होऊन गेले होते.

मॅग्वायरने २०१० मध्ये स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली. बाँड्सने जाणूनबुजून घेतल्याचं कधीच मान्य केलं नाही. २०११ मध्ये न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याबद्दल तो दोषी ठरला, पण २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल रद्द केला.

मग विक्रम पुसत का नाहीत?

१९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये धावपटू बेन जॉन्सन चाचणीत पकडला गेला. त्याचं पदक गेलं, वेळही रद्द झाली. तिथे चाचणीचा अहवाल हातात होता आणि शर्यत एकट्याची होती.

बेसबॉलचं तसं नाही. प्रत्येक होम रन पिचरच्या हिशेबातही असतो, सामन्याच्या निकालातही. बाँड्सचे ७३ काढले तर त्यावर जिंकलेल्या सामन्यांचं काय करायचं? शिवाय स्टेरॉइड फक्त फलंदाजांनीच घेतले असं नाही. २००७ च्या मिशेल अहवालात ८९ खेळाडूंची नावं आली आणि त्यांत पिचरही होते.

निदान फुली तरी मारा?

हाही प्रयोग झाला आहे. रूथच्या काळात हंगाम १५४ सामन्यांचा होता, मॅरिसच्या वेळी १६२ चा. म्हणून कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी दोन विक्रम वेगवेगळे नोंदवावेत असं ठरवलं. हा भेद १९९१ मध्ये काढला गेला. ते पाहायला मॅरिस नव्हता, १९८५ मध्येच तो गेला होता.

२००७ मध्ये बाँड्सने हँक ॲरनचा कारकिर्दीतल्या ७५५ होम रनचा विक्रम मोडला. तो ७५६ वा चेंडू फॅशन डिझायनर मार्क एको यांनी साडेसात लाख डॉलरला विकत घेतला, ऑनलाइन मतदान घेतलं आणि कौल मानून त्यावर तारांकन कोरलं. तो चेंडू हॉल ऑफ फेमच्या संग्रहालयात गेला. बाँड्सला मात्र तिथे सन्मानाची जागा नाही. २०२२ मध्ये, मतदानाच्या दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, त्याला ६६ टक्के मतं मिळाली. हवी होती ७५ टक्के.

आणि त्या सगळ्या काळात लीगचे प्रमुख असलेले बड सेलिग? त्यांची २०१६ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी निवड झाली.

म्हणूनच ७३ पुसणं सोपं असलं तरी योग्य नाही. आकडा पुसला की दोष एका खेळाडूवर जातो आणि डोळे मिटून बसलेली लीग सुटते. खुद्द जजनेही ७३ हाच विक्रम असल्याचं म्हटलं होतं. तो आकडा राहू द्यावा, पण तेव्हा चाचणीच होत नव्हती हेही प्रत्येक वेळी सांगावं. कारण त्या काळात स्टेरॉइड न घेता खेळलेल्या आणि त्यामुळे संघातली जागा गमावलेल्या खेळाडूंची नोंद कोणत्याच रेकॉर्ड बुकमध्ये नाही.