मराठीचाही आमोख्ता हवा

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी येत नाही, ही तक्रार मी धाराशिव जिल्ह्यात वर्षानुवर्षे ऐकतोय. मला ती अर्धीच खरी वाटते. मुलं शिकतात, पण विसरतात. 'खाली बस' म्हटलं की नव्या मुलाला रिकामी बस आठवते. उर्दूत नपुंसकलिंग नाही, म्हणून 'ती पुस्तक' होतं. आपण एकदा सुधारतो आणि पुढच्या धड्याकडे पळतो.

एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं. थोड्या थोड्या अंतराने उजळणी केली तर टिकतं. चिनी लिपीची हजारो अक्षरं शिकणारे आज मोबाइलवर हेच करतात.

आपल्याला हे नवं आहे का? हिफ्ज करणारं मूल नवा सबक घेतं, तसा जुना आमोख्ताही रोज ऐकवतं. तीस पारे एका रात्रीच्या घोकंपट्टीने छातीत राहत नाहीत.

मग मराठीला हा न्याय का नाही? मी वर्गात तीन डबे ठेवलेत: रोजचा, तीन दिवसांचा, आठवड्याचा. शब्दाची चिठ्ठी आठवली तर पुढच्या डब्यात, चुकली तर परत पहिल्या. रोज दहा मिनिटं. 'अभ्यासक्रम मागे पडेल,' असं सहकारी म्हणतात. पण विसरलेला अभ्यासक्रम पूर्ण झाला कसा म्हणायचा?

उद्या तहसीलचा अर्ज, पोलीस भरतीचा पेपर मराठीतच असेल. पालकहो, 'आज काय शिकलास?' विचारताच, 'मागच्या महिन्यातलं काय आठवतंय?' हेही विचारा.