दोन लाखांचे कार्ड, साठच चित्रे!

भिलाईला मावसबहिणीकडे गेलो, तर घरात धुसफूस चाललेली. भाऊजी पोलाद कारखान्यात नोकरीला, निवृत्तीला दोनच वर्षे उरलेली. इंजिनिअरिंगला गेलेल्या भाच्याने संगणकावर गेम खेळण्यासाठी एन्व्हिडियाच्या आरटीएक्स ५०९० या ग्राफिक्स कार्डाचा हट्ट धरला होता. किंमत दोन लाखांच्या वर! "पोराने आजवर काही मागितले नाही," म्हणत भाऊजी मुदत ठेव मोडायला निघाले होते आणि ताईने अबोला धरला होता.

"मामा, आता तुम्हीच आईला समजवा," भाचा म्हणाला.

"आधी कार्ड तपासू, मग आईकडे जाऊ," मी म्हटले.

२०२५ मध्ये आलेले हे कार्ड खरोखरच जबरदस्त आहे. मेमरी ३२ जीबी. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवणे हे त्याचे काम. फोर-के पडद्यावर असे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. भाच्याचा मॉनिटर मात्र फुल एचडी, म्हणजे सुमारे २१ लाख ठिपक्यांचा आणि सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा. कार्डाने दोनशे चित्रे तयार केली, तरी पडद्यावर दिसणार साठच!

पुढचा हिशेब भाच्याकडूनच करून घेतला. पूर्ण ताकदीने चालताना हे कार्ड एकटेच ५७५ वॅट वीज घेते. रोज दोन तास खेळल्यास महिन्याला सुमारे ३५ युनिट. ही वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते. भिलाईच्या मे महिन्यात हे परवडेल? कंपनी १००० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते, म्हणजे तोही नवा. घरातला छोटा यूपीएस हा भार पेलणार नाही, ते वेगळेच.

याच कंपनीचे १६ जीबीचे आरटीएक्स ५०६० टीआय १८० वॅटवर चालते. अमेरिकेत जाहीर झालेल्या किमती पाहा : मोठे १,९९९ डॉलर, हे ४२९ डॉलर. फुल एचडीसाठी ते पुरून उरते. मोठे कार्ड शोभते ते फोर-के मॉनिटर असलेल्याला किंवा थ्रीडी चित्रणावर पोट भरणाऱ्याला.

भाचा कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "बाबा, ठेव राहू द्या."

संध्याकाळी ताईने स्वतःच सर्वांना चहा दिला.

वाचकहो, आपल्या घरी असा हट्ट झाला तर रागावू नका. मुलाच्या हाती कागद-पेन्सिल द्या आणि पहिला प्रश्न विचारा, "आपला मॉनिटर कोणता?"