आधी तिचं ऐका, मग निवेदन लिहा

गावात अत्याचार झाला की दुसऱ्या दिवशी आपल्या गाड्या पोहोचतात. पोहोचल्याच पाहिजेत, त्याशिवाय पोलीस हलत नाहीत. पण त्या घरात जाऊन आपण काय करतो? पीडित बाई दोन वाक्यं बोलते न बोलते तोच एक जण लाईव्ह सुरू करतो, दुसरा कलमं मोजतो आणि जिल्हाध्यक्ष तिच्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतात. अर्ध्या तासात निवेदन तयार. त्यात संघटनेचं नाव ठळक आणि तिची हकीकत तीन ओळींत.

हा शिष्टाचाराचा प्रश्न नाही. यातूनच खटले कच्चे राहतात. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात जातिवाचक शिवीगाळीचं कलम टिकायचं तर ती लोकांच्या नजरेसमोर येईल अशा ठिकाणी झालेली असावी लागते. शिवी कुठे उभं राहून दिली? तेव्हा समोर कोण होतं? बाई हे पहिल्या दमात सांगत नाही. ती आधी सांगते, भाकरी तव्यावर होती, पोरगं रडत होतं. आपण म्हणतो, ‘ताई, मुद्द्यावर या.’ अहो, तोच मुद्दा आहे! पोरगं रडत होतं म्हणून शेजारीण दारात आली होती. तुमचा साक्षीदार त्या रडण्यात होता आणि तुम्ही तो कापून टाकला.

कायद्याला हे कळतं. तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी ती वाचून दाखवणं कलम ४ नुसार पोलिसांचं कर्तव्य आहे. २०१५ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १५-अ पीडितांना जामिनापासून शिक्षेपर्यंत कोर्टात आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क देतं. कोर्टाने तिचं ऐकावं म्हणून आपण मोर्चे काढतो आणि तिच्याच ओसरीवर तिला बोलू देत नाही.

काही साथी म्हणतील, पिढ्यान्‌पिढ्या आम्हाला बोलू दिलं नाही, आता कुठे माईक हातात आलाय. राग खरा आहे. पण बाबासाहेबांनी १९२० साली पाक्षिकाला ‘मूकनायक’ नाव दिलं ते मुक्यांसाठी. आज आपल्यातले मुके कोण? विहारात सतरंज्या अंथरणाऱ्या आणि ठरावाच्या वेळी मागे बसणाऱ्या बाया. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रिया १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकातून आपल्यापुढे आल्या, त्या उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी त्यांच्यापर्यंत जाऊन त्यांचं ऐकलं म्हणून. व्यासपीठावरच्या नेत्यांनी नव्हे.

भिक्खू संघाला सभेचे नियम माहीत होते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत सांगितलं. विनयात उपसंपदेसारख्या कामात ठराव मांडून तीनदा पुकारला जाई, मान्य नसेल त्याने बोलावं म्हणून. त्यानंतरच मौन ही संमती. आपल्याकडे ‘सगळ्यांना मंजूर ना?’ एकदाच, तेही उठता उठता. (घरी बायको बोलत असताना ग्रुपवर ‘जय भीम’ टाइप करणाऱ्यांबद्दल वेगळं लिहावं लागेल. तिथे तर ठरावही मांडला जात नाही.)

पुढच्या वेळी दोघांनीच आत जा, त्यात एक बाई असू द्या. मोबाईल खिशात. ती थांबेपर्यंत बसा, चहा गार झाला तरी चालेल. निवेदन कलेक्टर कचेरीत नेण्याआधी तिला वाचून दाखवा. तिने एखादं वाक्य खोडायला सांगितलं तर खोडा, मग ते आपल्या संघटनेचं नाव असलेलं का असेना.